गुळाच्या गावातले गोड पान

मिरजेहून निघालेली गाडी जयसिंगपूर मागे टाकते आणि दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. शाबानचे दिवस होते आणि यंदा हा महिना ऐन तोडणीच्या हंगामात आला होता. कुठे तुरे आलेला ऊस उभा, कुठे तोडून मोकळे झालेले रान, कुठे मोळ्या लादलेले ट्रॅक्टर फाटकाशी थांबलेले. हातकणंगले गेले, रुकडी गेली, पंचगंगेवरचा पूल ओलांडला. कोल्हापूर यायच्या जरा आधी एक छोटे स्थानक लागते, त्याचे नावच ‘गूळ मार्केट’. मुलांनी पाटी मोठ्याने वाचली आणि ती हसू लागली. गुळाच्या नावाचे स्टेशन त्यांनी पाहिले नव्हते.

हसण्यासारखे नाव असले, तरी त्यामागे मोठा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली. तोवर इथल्या शेतकऱ्याला आपला गूळ लांबच्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडावा लागे. शाहूपुरीमुळे बाजार त्याच्या दाराशी आला. पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण झाले, पाणी आले आणि ऊस वाढतच गेला. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याच महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला आणि त्यातून दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. खेड्यापाड्यांतली आपली कित्येक मुले तिथे राहून शिकली. कोल्हापुरात पाऊल ठेवल्यावर आम्ही मुलांना आधी ती इमारत दाखवली, मगच रंकाळा स्टँड गाठला.

आम्हाला जायचे होते आमच्या खालांकडे. राधानगरी रस्त्यावर, भोगावतीच्या काठी त्यांचे गाव. खालूंची हयात गुऱ्हाळावर गेलेली. आणि त्याच घरात खालांना गेली बारा वर्षे मधुमेह आहे. गेल्या रमजानमध्ये त्यांची शुगर इतकी वाढली की चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. यंदाचा रमजान तोंडावर आला होता. त्याआधी त्यांना भेटावे आणि भाईजानांनी परसात लावलेली ‘मीठी पत्ती’ एकदा डोळ्यांनी पाहावी, असा दुहेरी बेत होता.

चुलवाणाची ऊब

एसटीतून उतरलो तेव्हा असरची वेळ होत आली होती. फाट्यावरच गोड, जरा करपट वास आला. वळणावर गुऱ्हाळघर चालू होते. खालू आम्हाला न्यायला आले होते, पण घरी नेण्याआधी त्यांची पावले तिकडेच वळली. वय सत्तरीच्या घरात, आता प्रत्यक्ष काम सोडलेले, पण ‘गुळव्या’ म्हणून गावात अजून मान आहे. आत शिरताच एकाने हाक मारली, “या चाचा, पाव्हणं आणलं व्हय? बसा, आदण उतराय आलंय.”

चरकातून निघालेला रस भल्या मोठ्या काहिलीत उकळत होता. खाली चुलवाणात चिपाडे जळत होती. उसाचा रस उसाच्याच चोथ्यावर शिजतो, हे मुलांना फार आवडले. रसात थोडा चुना आणि भेंडीचा चिकट रस घालतात. त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. रस आटत जातो, रंग काळपट हिरव्याचा तांबूस आणि तांबूसाचा सोनेरी होतो. मग खरी परीक्षा गुळव्याची. थंड पाण्यात पाकाचे चार थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघायची. एक मिनिट आधी काहील उतरवली तर ढेप बसत नाही, एक मिनिट उशीर झाला तर गूळ करपतो. खालूंनी सवयीने पाण्यात बोटे घातली, गोळी वळली आणि नुसती मान हलवली. चार गड्यांनी काहील उचलली.

मुलांच्या हातावर गरम गूळ पडला. आम्ही खालूंना विचारले, “तुम्ही नाही घेत?”

“घेतो की इथं. घरी नेत नाही,” ते म्हणाले. “ज्या हातानं हजारो ढेपा उतरवल्या, त्या हातानं घरच्या माणसाला खडा देता येईना झाला. मग आपण तिच्या म्होरं बसून कसं खायचं?”

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे पुष्कळ घरांत समज आहे की साखर वाईट, पण गूळ मधुमेहाला चालतो. तसे नाही. गुळात थोडे लोह आणि काही क्षार असतात हे खरे, पण त्यातला मोठा भाग साखरच आहे. रक्तातली साखर गुळानेही वाढते, मधानेही वाढते. खालांनी पहिली दोन वर्षे याच समजुतीत चहात गूळ घातला आणि गोळ्यांची संख्या वाढत गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे खालांची गोष्ट एका घरची उरलेली नाही.

परसातले वाफे

घरामागे विहीर, विहिरीच्या पाण्याच्या पाटाला लागून केळीची चार खुंटे, कढीपत्ता, पुदिना आणि त्यांच्या पलीकडे दोन उंच गादीवाफे. वाफ्यांवर वीतभर ते हातभर उंचीची, बारीक दातेरी पानांची झुडपे. बघताना विशेष काही वाटत नाही. रानातले तण समजून कुणीही उपटून टाकेल. भाईजानांनी एक पान खुडून आमच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “चावा, पण हळू.”

पहिल्या क्षणी हिरव्या पानाची चव लागते. मग गोडी येते आणि येतच राहते. साखरेची गोडी जिभेवर येते आणि जाते. ही रेंगाळते, आणि शेवटी ज्येष्ठमधासारखी एक किंचित कडवट रेघ मागे ठेवून जाते. धाकट्याने पान थुंकले, मोठीने दुसरे मागितले.

याला लोक ‘गोड तुळस’ म्हणतात, ‘मधुपर्णी’ असेही म्हणतात. रोपवाटिकेत ‘स्टेव्हिया’ म्हणूनच मागावे लागते. तुळशीशी मात्र याचे नाते नाही. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ज्या कुळातली, त्याच कुळातले हे झाड आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वे देशाच्या ईशान्य भागात. तिथले मूळचे ग्वारानी लोक कित्येक पिढ्यांपासून आपल्या ‘माते’ नावाच्या कडू पेयात हे पान घालत आले. त्यांच्या भाषेत याचे जे नाव आहे त्याचा अर्थच ‘गोड वनस्पती’ असा होतो. मोइसेस बर्तोनी या स्वित्झर्लंडहून येऊन पॅराग्वेत स्थायिक झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १९३१ साली फ्रान्सच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पानातले गोड द्रव्य वेगळे काढले. १९७०च्या दशकात जपानने ते बाजारातल्या खाद्यपदार्थांत वापरायला सुरुवात केली. भारतात या शुद्ध अर्काला अन्नपदार्थांत वापरण्याची परवानगी २०१५ साली मिळाली.

हा अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतो. नुसते सुकवलेले पान त्याहून पुष्कळ कमी, तरीही साखरेपेक्षा कितीतरी पटींनी गोड. ते साखरेसारखे पचून रक्तात उतरत नाही, म्हणून रक्तातली साखर वाढवत नाही. अल्लाहने एका इवल्याशा पानात केवढी गोडी ठेवली आहे, हे पाहून मन थक्क होते.

भाईजानांनी पहिल्या वर्षी बी पेरले होते. बी अगदी बारीक, केसाळ, फुंकर मारली तरी उडणारे, आणि उगवण अतिशय कमी. मग त्यांनी वीस रोपे विकत आणून सपाट जमिनीत लावली. भोगावतीकाठची काळी जमीन उसाला मानवते, पण पाणी धरून ठेवते. जुलैच्या पावसात मुळे कुजली आणि वीसपैकी अकरा रोपे गेली. उरलेली नऊ त्यांनी उंच वाफ्यावर घेतली. मातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले. आता वाढवायचे असले की ते बी पेरत नाहीत. तीन-चार डोळ्यांची, चार-पाच बोटे लांबीची कोवळी फांदी छाटतात, खालची पाने काढून ओलसर वाळूमातीत खोचतात आणि सावलीत ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटतात.

“या झाडाला दिवस मोजता येतो,” भाईजान म्हणाले. आम्ही शिक्षक, त्यामुळे कान टवकारले. गोष्ट अशी की दिवस लहान झाला की हे झाड फुलावर येते. त्याच्या मूळ मुलखात, मकरवृत्ताजवळ, उन्हाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा जरा मोठा असतो आणि तेवढा काळ ते नुसती पाने वाढवते. आपल्याकडे दिवस फार मोठा होतच नाही, म्हणून ते लवकर फुलायला बघते. फूल आले की पानांची गोडी उतरते. उपाय साधा आहे: शेंडे आणि कळ्या दिसताच खुडत राहायचे. त्याने झाड पसरते आणि पानेही जास्त मिळतात. कळ्या धरू लागल्या की जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटणी करायची. पुन्हा फुटवे येतात. नीट सांभाळले तर एक झाड तीन-चार वर्षे पाने देते.

छाटलेल्या फांद्या भाभी दुपारपर्यंत सुपात पसरतात, वर पातळ ओढणी टाकतात. पाने चुरचुरीत वाळली की देठ आणि काड्या वेगळ्या करतात, कारण काडीत गोडी नसते आणि कडवटपणा येतो. पाने हाताने चुरून घट्ट झाकणाच्या बरणीत भरतात. बस, एवढाच खटाटोप.

दस्तरख्वानावर काय जमते, काय नाही

रात्री जेवणानंतर खाला, भाभी आणि आमच्या घरचे असे सगळे चुलीपाशी बसलो आणि या पानाचा हिशेब मांडला. भाभींनी वर्षभरात जवळजवळ सगळे पदार्थ करून बघितले आहेत.

सर्वांत चांगले जमते ते सरबत. लिंबाच्या आंबटपणात पानाची कडवट रेघ लपून जाते. अर्धी वाटी ताजी चिरलेली पाने एक वाटी कोमट पाण्यात घालून रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी गाळून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवायची. हे पाणी आठवडाभरात संपवायचे. एका पेल्याला चमचा-दीड चमचा पुरतो. वर भिजवलेला सब्जा घातला की इफ्तारचे सरबत तयार. चहात दोन-तीन पाने किंवा चिमूटभर चुरा उकळतानाच टाकायचा. दुधाच्या चहापेक्षा आले घातलेल्या कोऱ्या चहात तो जास्त खुलतो. जास्त टाकला की चहा काढ्यासारखा लागतो, म्हणून हात आखडताच ठेवायचा.

खीर बरी होते, पण दाट आटवलेल्या दुधातच. हलवा मात्र फसतो. साखर फक्त गोडी देत नाही. ती वजन देते, ओलावा धरते, रंग देते, पाकाला तार आणते. पानाकडे यातले काहीच नाही. गुलाबजाम, जिलेबी, बर्फी, मुरब्बा, लोणचे यांत त्याचा उपयोग नाही. मुरब्बा साखरेमुळे टिकतो, पानाच्या पाण्यात तो चार दिवसांत बुरसेल. “जुबान को मीठा लगे, कढई को नहीं लगता,” असे भाभींनी एका वाक्यात सांगितले.

आणि शीरखुर्मा? ईदचा प्रश्न तोच तर होता. खालांसाठी भाभी दूध वेगळे आटवतात, त्यात पानाचे पाणी, वेलची, चारोळी, बदाम, आणि शेवया मोजक्या. साखर अजिबात नाही. पण खारीक आली की तिच्याबरोबर तिची साखर आलीच. शेवया म्हणजे मैदा, तोही रक्तात साखरच होतो. दुधातही थोडी असतेच. म्हणून खालांच्या वाटणीला एकच लहान वाटी, खारकेचे दोन तुकडे. पानाने वरची साखर वाचते, सगळा शीरखुर्मा मोकळा होत नाही. इफ्तारच्या खजुराचेही तसेच. सुन्नत म्हणून एक खजूर खाला घेतात, पण तो त्यांच्या दिवसाच्या हिशेबात धरतात.

तरीही त्या एका वाटीची किंमत मोठी आहे. खाला सांगत होत्या, “पहिल्या चार-पाच ईदांना मी नमाजनंतर आतल्या खोलीत जाऊन बसायची. पाहुणे आले की सगळ्यांसमोर वाटी नाकारायला शरम वाटायची. कुणी ‘एक घास घ्या हो’ म्हणायचे, कुणी ‘द्यायचं नाही तिला’ म्हणून ओरडायचे. आता सगळ्यांबरोबर बसते.” आजारी माणसाला पथ्य पाळायला लावणे सोपे असते, पथ्य पाळूनही त्याला पंगतीत ठेवणे अवघड असते. ते या पानाने केले.

जुलैमधली ती दुपार

मात्र त्याच रात्री खालूंनी जी हकिकत सांगितली, ती आम्ही प्रत्येक घरात पोहोचावी अशी इच्छा धरतो.

गेल्या जुलैमध्ये शेजारी मय्यत झाली होती. खालांनी सकाळची गोळी घेतली, पण गडबडीत दुपारचे जेवण राहून गेले. घरी आल्या तेव्हा अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. घरात फक्त नववीतली नात. पोर हुशार. शुगर उतरली की गोड पाणी द्यायचे, हे तिने दवाखान्यात ऐकले होते. घरात दादीचे गोड पाणी कोणते, तर फ्रीजमधले पानाचे. तिने मोठा पेला भरून पाजला. पाच मिनिटे गेली, दहा गेली; काही फरक नाही. उलट खाला डोळे मिटू लागल्या.

तेवढ्यात खालू शेतावरून आले. काय दिले ते विचारले आणि धावत कोठीत गेले. पाहुण्यांसाठी ठेवलेली काकवीची बाटली होती. खाला अजून गिळू शकत होत्या. त्यांना टेकवून बसवले आणि चमच्याचमच्याने काकवी दिली. मग मशीन लावले तर आकडा ५८. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा तो वर चढला होता आणि खाला विचारत होत्या, “जोहरची अजान झाली का?”

खालू म्हणाले, “त्या दिवशी माझा गूळ कामाला आला.” एवढेच बोलून ते उठून बाहेर गेले.

यात पोरीचा काही दोष नव्हता. तिला कुणी फरक सांगितलाच नव्हता. जिभेला लागणारी गोडी वेगळी आणि रक्ताला मिळणारी साखर वेगळी. पानातली गोडी रक्तातली साखर वाढवत नाही, हाच त्याचा गुण. आणि साखर धोक्याइतकी उतरली असता हाच गुण कुचकामी ठरतो. अशा वेळी खरी साखरच हवी: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा द्यावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो.

आता खालांच्या स्वयंपाकघरात दोन बरण्या शेजारी शेजारी असतात. हिरव्या झाकणाची पानांची, लाल झाकणाची गुळाची. लाल बरणीवर नातीने मोठ्या अक्षरांत उर्दू आणि मराठीत लिहिले आहे: ‘शुगर कमी झाली तर हे.’ आम्हाला त्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू तीच वाटली.

रोजा, डॉक्टर आणि डबा

रमजान जवळ आला की मधुमेही माणसाच्या मनात घालमेल सुरू होते. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे आणि सवलत घेणे हा ईमानाचा कमकुवतपणा नव्हे. कुणी रोजा ठेवावा, कुणी ठेवू नये, गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना विचारावे. रोजात बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. म्हणून तपासायला कचरू नये. आकडा सत्तरच्या खाली गेला किंवा तीनशेच्या वर चढला, तर रोजा सोडावा असा वैद्यकीय सल्ला आहे. अशा वेळी तो पानाच्या सरबताने नव्हे, तर आकडा बघून सोडायचा: साखर उतरली असेल तर खऱ्या साखरेने, चढली असेल तर साध्या पाण्याने, आणि मग डॉक्टरांशी बोलायचे.

पान म्हणजे औषध नव्हे. त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नये. अमेरिकेत गोडीसाठी मान्यता आहे ती शुद्ध अर्काला, कच्च्या पानाला नाही. म्हणून घरचे पानही मसाल्यासारखे, चिमटीनेच वापरावे. गरोदर भगिनी किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की वजन उतरवण्यासाठी साखरेऐवजी अशा गोड पदार्थांचा आधार घेऊ नये. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, पण त्यातला बोध सगळ्यांना लागू आहे: गोडाची सवयच थोडी कमी व्हावी. खालांच्या नातवंडांना पानाचा चहा मिळत नाही. त्यांना कमी साखरेचा चहा मिळतो.

बाजारातून ‘स्टेव्हिया’ घेणाऱ्यांनी डब्यामागचा मजकूर वाचावा. अर्क इतका गोड असतो की तो मोजता यावा म्हणून त्यात दुसरी भुकटी मिसळतात. ती माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असेल तर ती साखरेचीच भावंडे. काही द्रव थेंबांत अल्कोहोल असते, तेही आपल्या वाचकांनी पाहून घ्यावे. परसातल्या पानाला हा प्रश्न नाही.

भाईजानांना वाटले होते की अर्धा एकर ऊस मोडून हेच लावावे. रोपे विकणाऱ्याने सगळा माल उचलण्याचे तोंडी आश्वासन दिले होते, पण पहिली छाटणी निघाली तेव्हा त्याचा फोन लागेना. लागण वीस रोपांचीच होती म्हणून नुकसान थोडक्यात टळले. खरेदीदार लेखी पक्का असल्याशिवाय कुणी शेत यात गुंतवू नये, असा त्यांचा सांगावा आहे. घरापुरते मात्र जरूर लावावे.

शहरातल्या घरात

आमच्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना परस नसतो, पण खिडकी असते. निघताना भाईजानांनी ओल्या कापडात गुंडाळून सहा छाट कलमे दिली. त्यांच्या सूचना वाचकांसाठी इथे देतो. दहा-बारा इंचांची कुंडी घ्यावी, तळाला भोक हवेच. दोन भाग माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग वाळू. सकाळचे ऊन मिळेल अशी जागा. एप्रिल-मेच्या भर दुपारी सावली. वरची माती सुकू लागली की पाणी, पण बशीत पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावी. झाड वीतभर झाले की शेंडा खुडावा आणि कळी दिसली की काढावी. चार-पाच कुंड्या एका माणसाच्या चहा-सरबताला पुरतात. मुलांना हे काम द्यावे. कलम रुजवताना, कळी खुडताना, पान चाखताना विज्ञानाचा धडा आपोआप होतो.

आणि कुंडीत पहिले पान फुटेल त्याच दिवशी स्वयंपाकघरात दुसरी बरणीही ठेवावी, साखरेची किंवा गुळाची. घरातल्या लहानात लहान मुलाला त्या दोन्हींतला फरक सांगावा, त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे.

ज्यांच्या घरी अम्मी, अब्बू, दादी, नाना मधुमेहाशी झगडत आहेत, त्यांनी या रमजानमध्ये त्यांची वाटी वेगळी करावी, पण त्यांची जागा वेगळी करू नये. अल्लाहतआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपणा सर्वांना खैर व आफियतीने रमजान नसीब करो. आमीन.